दोन लाख पळालेली जिप्सी: पैसे आधी कुठे घालायचे

माझी मारुती जिप्सी 2005 सालची, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारी. मीटरवर 2,14,000 किलोमीटर. भोरहून वरंध घाटाच्या बाजूला आमची जमीन आहे. शेवटचे चार किलोमीटर नुसते दगड आणि दोन ओढे. गाडीसाठी महिन्याला तीन हजार बाजूला काढतो, त्यापलीकडे ओढाताण होते. म्हणून प्रत्येक कामाला मी एकच प्रश्न लावतो: हे राहिलं तर घाट उतरताना काय होईल?

त्यामुळे पहिले पैसे ब्रेकला. मागचे ड्रम काढून बघा. लायनरवर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांवर) काळपट, चिकट ओल आणि गिअर ऑईलचा तो गंधकासारखा उग्र वास आला, तर एक्सलचं सील, म्हणजे ऑईल अडवणारी रिंग, गेलंय. मी पहिल्या वर्षी नुसते लायनर बदलले आणि महिन्याभरात मागचं एक चाक पुन्हा धरेना. आधी सील, त्याच वेळी बेअरिंग हलतंय का बघणं, मग लायनर. सील काही शे रुपयांचं असतं, मजुरी मात्र दोन्ही वेळा पूर्ण जाते. ब्रेकचा कुठलाही पार्ट जुन्या बाजारातून घेऊ नका. बंपर, सीट, आरसे खुशाल घ्या.

दुसरं, पुढची चाकं. 50-60 च्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरतं, ही जिप्सीची जुनी तक्रार. त्यावर लगेच स्टिअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) घालून देणारे भेटतात. थांबा. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचा एक्सल जॅकवर घेऊन खाली स्टँड द्या. चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला, तर चाकाचं बेअरिंग. तसाच राहिला, तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं, बेअरिंग. डावी-उजवीकडून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉडचे (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड बघा. ही दहा मिनिटांची तपासणी केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. सगळं घट्ट निघालं, तर चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या.

तिसरं काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित: डिफरन्शियलचा (एक्सलवरच्या गिअरच्या डब्याचा) ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं छोटं तोंड. गाडी तापून ओढ्यात उतरली की आतली हवा गार होऊन आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. पावसाळ्यात गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी ड्रेनचा नट जरासा ढिला करा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि तेच आधी येतं. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला, नाहीतर क्राउन-पिनियनचा, म्हणजे आतल्या गिअरच्या जोडीचा, खर्च उभा राहतो. एक मात्र लक्षात ठेवा: आधी वरचा, ऑईल भरायचा नट सुटतोय याची खात्री करा, मगच खालचा पूर्ण काढा. वरचा गंजून बसला असेल तर गाडी रिकाम्या डिफरन्शियलवर अडकून पडते. मी पुढच्या-मागच्या दोन्ही ब्रीदरना रबरी नळी जोडून ती वर इंजिनच्या बाजूला आणि मागे बॉडीत नेली आहे. पाण्यातून जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह क्रँकच्या तालावर चालवणारा पट्टा) कधी बदललाय हे आधीच्या मालकाला सांगता येत नसेल, तर बदललेलाच नाही असं धरा. एक लाख किलोमीटरला तो बदलायचाच असतो. तुटला तर गाडी जागेवर बंद, आणि आमच्या ओढ्यापाशी फोनला रेंजही नाही. बेल्ट उघडलाच आहे तर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) आणि क्रँकचं सील त्याच मजुरीत होऊन जातं. त्याच फेरीत रेडिएटरचे पाइप हाताने दाबून बघा, कडक झाले असतील तर बदला.

कमानींचे (पाट्यांच्या स्प्रिंगचे) बुश कुरकुरतात, त्यांना घाई नाही. पाट्याला तडा दिसला तर मात्र थांबू नका. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनची ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, ग्रीस मी घरीच मारतो. ओढ्यातून आल्यावर त्याच आठवड्यात.

मोठे टायर आणि लिफ्ट किट शेवटी, आणि माझं मत विचाराल तर नाहीच. जड चाकाचा सगळा भार त्याच किंगपिनवर आणि बेअरिंगवर येतो, ज्यांच्यासाठी आपण आत्ताच पैसे मोजलेत. माझ्या गाडीचं कापडी हूड दोन ठिकाणी फाटलंय, तिथे ताडपत्रीचं ठिगळ आहे. या महिन्याचे तीन हजार पुढच्या डाव्या स्टिअरिंग नकलच्या (चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) सीलला गेले.