बांधाच्या केसमध्ये कोर्टातून मोजणी मागताय? अर्जातले शब्द आधी नीट बघा

बांधाचा दावा लागला की वकील म्हणतात कोर्ट कमिशन मागू, म्हणजे भूमी अभिलेखचा भूकरमापक कोर्टाच्या हुकमाने येऊन जमीन मोजणार आणि रिपोर्ट सरळ कोर्टात देणार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६ नियम ९ खाली हा अर्ज होतो. समोरचा म्हणणार की पुरावा गोळा करायला कमिशन देता येत नाही, घाबरू नका, हद्दीच्या वादात कमिशनर (कोर्टाने असा मोजायला नेमलेला माणूस) नेमायला हवा असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये हरियाणा वक्फ बोर्डाच्या केसमध्ये म्हटलंय, वकिलांना ते दाखवायला सांगा.

खरी गोम अर्जात आहे. आमच्या अर्जात फक्त "वादीचा गट मोजून मिळावा" एवढंच होतं, ऑर्डरही तेवढीच झाली, मोजणीवाले आले, आमचा गट मोजला आणि क्षेत्र कमी भरतंय असा नकाशा दिला. आता कमी भरलेलं शेजाऱ्याकडे गेलंय, ओढ्यात गेलंय की मुळात सातबाऱ्यालाच जास्त लागलंय हे त्या नकाशावरून कसं कळणार? परत अर्ज, परत फी, परत तारखा, खूप त्रास झाला. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा की दोन्ही गटांची संयुक्त मोजणी करा, मूळ रेकॉर्डवरून हद्दी कायम करा, आजची वहिवाट वेगळ्या रेषेने दाखवा आणि अतिक्रमण निघालं तर किती आर, कुठल्या बाजूला ते नकाशात लिहा. ऑर्डरमध्ये जे नाही ते मोजणीवाला करत नाही.

अर्ज करायच्या आधीच भूमी अभिलेखमधून नकला काढून ठेवा. गटाचा नकाशा, टिपण (जुन्या मोजणीचा मापं लिहिलेला कच्चा नकाशा), फाळणी (पोटहिश्श्यांची मोजणी), आकारबंद (गटवार क्षेत्र आणि आकाराचं रजिस्टर), एकत्रीकरणाचा जबाब (तुकडे एकत्र करून गट पाडले तेव्हाची नोंद), जे मिळेल ते सगळं. जुन्या टिपणात मापं साखळी-आण्यात असतात, साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची, आणि ३३ बाय ३३ फूट म्हणजेच आपला एक गुंठा, एवढं माहीत असलं तरी टिपण बरंचसं वाचता येतं. आकारबंदाचं आणि सातबाऱ्याचं क्षेत्र जुळतं का तेही बघा, जुळत नसेल तर ते आधी वकिलांना सांगा, मोजणीत ते निघणारच आहे.

मोजणीची फी वेळेत भरा. उसात किंवा उभ्या तुरीत मोजणी मागू नका, रान मोकळं असेल तेव्हाची तारीख बघा.

त्या दिवशी स्वतः हजर राहा. नोटीस मिळूनही कुणी आलं नाही तर त्याच ऑर्डर २६ च्या नियम १८ प्रमाणे त्याच्या माघारी काम करता येतं. मोजणीचं मशीन ईटीएस (दुर्बिणीसारखं स्टँडवरचं) असो नाहीतर रोव्हर (उपग्रहावर चालणारं), सुरुवात कुठून करतात तिकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे दुसऱ्या वेळी साहेब तारेच्या कुंपणापासून सुरू करणार होते, कुंपण तर शेजाऱ्याने दावा लागायच्या थोडंच आधी घातलेलं, मग भावाने बाभळीच्या बुडाशी उकरून तीन गटांच्या हद्दीचा जुना दगड दाखवला, तो टिपणाशी जुळला आणि तिथून मोजणी धरली. असा दगड तुमच्याकडे असेल तर आधीच साफ करून ठेवा, फोटो काढा. पंचनामा वाचल्याशिवाय सही नको, हरकत असेल तर तिथेच लेखी द्या.

रिपोर्ट कोर्टात आला की नियम १० प्रमाणे तो पुराव्यात धरला जातो, पण पटला नाही तर हरकत घेता येते, कोर्टाच्या परवानगीने मोजणीदाराची तपासणीही करता येते, त्याला कुठला दगड धरला, कुठलं रेकॉर्ड वापरलं, शेजारचा गट मोजला का एवढं नक्की विचारा. आणि नकाशा तुमच्या बाजूने आला म्हणून दुसऱ्या दिवशी बांधावर जेसीबी घालू नका, तो रिपोर्ट आहे, हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, अजून व्हायचाय.