उघड्या धातूचे मिग-२१ : प्रतिकृतीची जोडणी आणि रंगकाम

जेट विमानाची प्रतिकृती करायला घेणारे बहुतेक जण पहिल्या प्रयत्नासाठी हिरव्या-राखाडी कॅमोफ्लाजचे विमान निवडतात आणि ते योग्यच आहे, कारण मंद रंगाचा थर सांध्यातील लहानसहान उणिवा पोटात घेतो. भारतीय हवाई दलाच्या सुरुवातीच्या मिग-२१ एफएल विमानांचे अंग मात्र उघड्या धातूचे होते. असे विमान हुबेहूब उतरवायचे ठरवले, तर चंदेरी रंग प्लास्टिकवरचा प्रत्येक ओरखडा दुप्पट मोठा करून दाखवतो. म्हणून या लेखात रंगाच्या बाटलीपेक्षा रंगाखालच्या पृष्ठभागाविषयी अधिक लिहिले आहे. धातूचे रंगकाम जोडणीच्या पहिल्या दिवशी सुरू होते, हे एकदा मनावर ठसले की पुढची सगळी कामे त्या क्रमाने लावता येतात.

मिग-२१ निवडण्यामागे माझे कारण आहे. हे विमान १९६३ मध्ये चंडीगड येथे २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले, त्याच्या उत्पादनासाठी १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडलाच या विमानाला अखेरचा निरोप देण्यात आला. ज्या विमानाच्या बांधणीशी आपल्याकडच्या कारागिरांच्या हातांचा इतका संबंध आला, त्याची प्रतिकृती घाईने उरकणे मला पटत नाही.

खऱ्या विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी सुमारे ७.१५ मीटर आहे. म्हणजे १:७२ प्रमाणात ती साधारण १० सेंटिमीटर आणि १:४८ प्रमाणात १५ सेंटिमीटर भरते. धातूचा पहिला प्रयत्न १:४८ मध्ये करावा, असे मी सुचवेन. तेवढ्या आकारात पत्र्यांच्या रेषा ठळक असतात, मास्किंग टेप नीट बसते आणि दोन पत्र्यांमधील छटेचा फरक डोळ्यांना जाणवतो. किट घेताना उपप्रकार नीट पारखावा, कारण मिग-२१ ची भावंडे लांबून सारखीच दिसतात. एफएलच्या कॉकपिटवरची काच पुढच्या काचेसह एकसंध असून ती पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उघडते. नाकावरची लांब पिटो नळी (हवेचा वेग मोजण्यासाठीची) हवेच्या तोंडाच्या वर, बरोबर मध्यरेषेवर असते. प्रत्येक पंखाखाली शस्त्रासाठी एकच आधार असतो आणि धडात बसवलेली तोफ नसते. नंतरच्या एम आणि बिस प्रकारांत प्रत्येक पंखाखाली दोन आधार आहेत, पाठीचा उंचवटा अधिक भरीव आहे आणि पिटो नळी उजवीकडे सरकलेली आहे. खोक्यावरच्या चित्रावर विसंबून न राहता, ज्या विमानाची प्रतिकृती करायची आहे त्याची निदान तीन-चार छायाचित्रे समोर ठेवावीत.

सुटे भाग जोडलेल्या किटच्या चौकटी भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवाव्यात, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या तेलाचा अंश प्लास्टिकवर राहिला तर रंग धरत नाही. सुटा भाग कापताना कटर भागाला लगटून चालवू नये. आधी थोडे अंतर ठेवून कापावे आणि उरलेला खुंट धारदार पात्याने व पॉलिश पेपरने उतरवावा. लगटून कापल्यास प्लास्टिक आतल्या बाजूला तुटते आणि पडलेला खळगा भरत बसावे लागते.

कॉकपिटचे काम लवकर आटोपते. सोव्हिएत बनावटीच्या विमानांत आतून जो निळसर हिरवा रंग दिसतो तो इथेही लागतो. त्यावर पातळ केलेल्या गडद ऑइल कलरचा हलका ओघळ द्यावा आणि कोरड्या ब्रशने कडा उजळाव्यात. काच बंद ठेवणार असाल तर यापुढची बारकाई कुणाला दिसणार नाही.

धडाचे दोन भाग चिकटवण्यापूर्वी नाकात वजन भरायला विसरू नये. प्रतिकृतीचे नाक पोकळ असते आणि मागचा भाग तुलनेने जड, त्यामुळे वजन नसल्यास विमान शेपटीवर बसते. धडाचे भाग, पंख आणि शेपटी टेपने तात्पुरती जोडावीत, मुख्य चाके जिथे येणार त्या रेषेखाली पेन्सिल आडवी धरावी आणि तोल पुढे झुकेपर्यंत हवेच्या तोंडातील शंकूत व कॉकपिटच्या पुढच्या पोकळीत मासेमारीच्या शिशाचे तुकडे भरत जावे. शिसे बसवण्यासाठी अॅराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरावा. पांढऱ्या फेविकॉलमध्ये बसवलेले शिसे काही काळाने गंजून फुगते आणि त्यामुळे बांधून झालेले नाक सांध्यावर उकलू शकते.

धडाचे भाग जुळवण्यासाठी पातळ द्रव सिमेंट उत्तम. भाग हातात घट्ट धरून ब्रशचे टोक सांध्याला लावले की द्रव आपोआप फटीत ओढला जातो. अर्ध्या मिनिटाने भाग हलकेच दाबले, तर विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक कड सांध्यावर उमटते. ती पुसू नये, कारण तीच पुढे घासून सांधा नाहीसा करायची आहे. सिमेंट वरून वाळलेले दिसले तरी आतून मऊ असते, त्यामुळे निदान ४८ तास त्या सांध्याला हात लावू नये. मऊ असताना घासलेला सांधा नंतर आत बसतो आणि चंदेरी रंगाखाली त्याची रेषा पुन्हा वर येते. पंख जोडताना विमान समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे. मिग-२१ चे पंख टोकांकडे किंचित, सुमारे २ अंश, खाली झुकलेले असतात. ते सपाट किंवा वर उचललेले राहिले तर बाकी सगळे अचूक असूनही विमानाचा चेहरा हरवतो.

आता या कामाचा गाभा. पाठीवरचा आणि पोटावरचा सांधा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासावा आणि मग ६००, १०००, १५०० व २००० असे चढत जावे. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढण्यासाठी असतो, म्हणून मधला एखादा वगळला तर राहिलेले ओरखडे पुढचा बारीक कागद कितीही घासला तरी जात नाहीत. फट उरली असेल तर ती लांबीने (पुट्टीने) भरता येते, परंतु साधी लांबी वाळताना आकसते आणि धातूच्या रंगाखाली तिचा पोत वेगळा दिसतो. त्याऐवजी अशा जागी मी सुपरग्लू भरतो. तो आकसत नाही आणि घासल्यावर प्लास्टिकइतकाच गुळगुळीत होतो, मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर प्लास्टिकपेक्षा कठीण होऊन आजूबाजूचेच प्लास्टिक आधी झिजते. त्यामुळे तो भरल्या दिवशीच घासावा. घासताना पुसट झालेल्या पत्र्यांच्या रेषा, जाड चिकटपट्टीचा आधार पट्टीसारखा घेऊन, सुईने किंवा स्क्रायबरने पुन्हा कोराव्यात. त्यासाठी एकदाच जोर लावू नये, अगदी हलक्या हाताने पाच-सहा वेळा सुई फिरवावी.

यानंतर राखाडी प्रायमरच्या अस्तराचा एक पातळ हात द्यावा आणि विमान खिडकीच्या तिरप्या उजेडात फिरवून पाहावे. अस्तर दिल्यावर काहीच दोष दिसला नाही, असे माझ्या बाबतीत एकदाही घडलेले नाही. दिसलेली जागा घासून पुन्हा अस्तर द्यावे, आणि हे तीनदा करावे लागले तरी करावे.

प्रायमर २००० नंबरने हलकेच घासून त्यावर चकचकीत काळा रंग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) द्यावा. धातूच्या रंगाचे कण इतके सूक्ष्म असतात की त्यांना खालच्या थराची झळाळी लागते. खालचा काळा आरशासारखा गुळगुळीत असेल तर वरचे अॅल्युमिनियम पॉलिश केलेले दिसते, खरखरीत असेल तर तेच राखेसारखे निस्तेज दिसते. लॅकर प्रकारचा काळा असल्यास एक-दोन दिवस आणि इनॅमल असल्यास त्याहून बरेच अधिक दिवस तो पूर्ण सुकू द्यावा. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यातील दमट दिवशी लॅकर मारू नये. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतील बाष्प त्यावर धरते आणि रंगावर दुधाळ पांढुरकी झाक येते. जुलैतल्या एका संध्याकाळी मी हट्टाने रंग मारला आणि दोन आठवड्यांचे काम घासून काढावे लागले. तेव्हापासून पावसाळ्यात मी फक्त जोडणी व घासकाम करतो आणि रंग ऑक्टोबरनंतर काढतो. लॅकरची वाफ फुप्फुसांना अपायकारक असल्याने रंगवताना खिडकी उघडी असावी, बाहेर हवा फेकणारा पंखा चालू असावा आणि तोंडावर सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या काडतुसाचा मास्क असावा. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. जवळपास गॅसची शेगडी किंवा देवापुढची समई पेटलेली असता कामा नये.

धातूचा रंग साधारण १२ ते १५ पीएसआय दाबाने, जवळून आणि अतिशय पातळ थरांत मारावा. पहिल्या हातानंतर काळा डोकावत राहील. त्याला घाबरून जाड हात मारू नये, तीन-चार हातांत तो आपोआप झाकला जातो. सगळीकडे अॅल्युमिनियमची एकच छटा बसल्यावर, छायाचित्रात जे पत्रे वेगळे दिसतात ते टेपने वेगळे करून किंचित गडद किंवा किंचित मंद छटेने रंगवावेत. टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिची चिकट कमी करून घ्यावी आणि काढताना ती पाठीमागे दुमडून सावकाश ओढावी. शेपटीकडचा, इंजिनाच्या उष्णतेने तापणारा भाग पोलादाच्या गडद छटेने आणि निकासाचे तोंड जळक्या लोखंडाच्या रंगाने केले की विमान जिवंत वाटू लागते. छटांमधला फरक मात्र अगदी अल्प ठेवावा, नाहीतर विमानावर ठिगळे लावल्यासारखी दिसतात. यानंतर विमानाला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, सुती हातमोजे वापरावेत.

चाकांच्या तबकड्या सोव्हिएत पद्धतीच्या उजळ हिरव्या असतात. शेपटीच्या टोकाचा अँटेना झाकणारा भाग आणि नाकातील शंकू हे धातूचे नाहीत, त्यामुळे त्यांचा रंग वेगळा असतो. तो प्रत्येक विमानाच्या छायाचित्रावरून ठरवावा.

मंद रंगावर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) लावण्यापूर्वी चकचकीत वार्निश देण्याची रीत आहे, पण इथे ते टाळावे. वार्निशने धातूची झळाळी मरते, आणि पृष्ठभाग आधीच गुळगुळीत असल्याने त्याची गरजही नसते. डेकल मऊ करणारे द्रावण आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावरच्या त्याच रंगावर लावून पाहावे, कारण काही धातुरंग त्याने डागाळतात. हवाई दलाच्या वर्तुळाकार चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि केंद्रात हिरवा हा क्रम असतो, आणि मिग-२१ एफएलच्या क्रमांकाची सुरुवात इंग्रजी सी अक्षराने होते. पारदर्शक कडा कात्रीने शक्य तितक्या जवळून कापाव्यात, कारण चंदेरी पार्श्वभूमीवर त्या लगेच दिसतात. पत्र्यांच्या रेषांत काळ्याऐवजी राखाडी-तपकिरी ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सोडावा आणि जास्तीचा रंग हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे पुसावा.

चाकांचे पाय, दारे आणि क्षेपणास्त्रे शेवटी बसवावीत. काच पांढऱ्या फेविकॉलने चिकटवावी, कारण सुपरग्लूच्या वाफेने ती धुरकट होते. किटमधली प्लास्टिकची पिटो नळी बहुधा जाड असते आणि जरा धक्का लागला की तुटते. तिच्या जागी इंजेक्शनची योग्य जाडीची सुई, टोक कापून आणि घासून, बसवावी. ती सर्वांत शेवटी, विमान कपाटात ज्या जागी राहणार त्या जागेशेजारी बसून चिकटवावी आणि पूर्ण सुकेपर्यंत वरून पाहत राहून मध्यरेषेवर ठेवावी.