"घरचंच आहे की!": घरगुती हॉटेल चालवताना या चुका टाळा

आमच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर 'अतिथी देवो भव' अशी पाटी आहे आणि बरोबर तिच्या खाली 'उधारी मागून लाजवू नये'. दोन्ही हे हॉटेल सुरू करणाऱ्या आण्णांनीच लावलेल्या. हॉटेलची ध्येयधोरणं म्हणजे एवढंच, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. सांगलीत गणपती पेठेच्या अंगाला असलेलं हे हॉटेल आता आमच्या पिढीकडे आलंय, आणि आजवर ज्या ज्या चुका झाल्या त्यातल्या बहुतेकींच्या मुळाशी एकच वाक्य निघालं: "घरचंच आहे की!"

गल्ला जुळत नाही

रात्री गल्ला मोजला की चार-पाचशे कमी. असं झालं की पहिला संशय वेटरवर जातो. आमचाही गेला, एका पोराला उगाच बोलणी बसली. नंतर कळलं, काकांनी दुधाचे दिले होते, चुलतभावानं गाडीत पेट्रोल टाकलं होतं आणि मी स्वतः पोरीच्या वह्यांना दोनशे काढले होते. चोरी कुणीच केली नव्हती, फक्त कुणी लिहिलं नव्हतं.

उपाय साधा आहे. गल्ल्यात एक वही आणि दोरीनं बांधलेलं पेन. (दोरी हवीच, नाहीतर पेन दुसऱ्या दिवशी दिसत नाही.) जो पैसे उचलेल त्यानं आकडा लिहून सही करायची, मग तो मालक का असेना. काका भडकले, "माझ्याच दुकानात मी सही करू व्हय?" आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी तंबाखूसाठी २० रुपये काढले, वहीत लिहिले, सही केली. काकांचा विषय तिथंच संपला.

वही सुरू झाल्यावर घरच्यांचे पगार ठरवावेच लागले, आणि तिथं खरी लाज निघाली. वहिनी रोज दीडशेच्या वर भाकरी थापायच्या आणि पगाराच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. त्या आठवडाभर माहेरी गेल्या तेव्हा बाहेरून बाई लावली. तिची मजुरी चुकती केली तेव्हा वहिनींच्या कामाचा दर आम्हाला पहिल्यांदा कळला. भागीदारी असेल तर आणखी एक बघा: भागीदाराचा पगार करारात लिहिलेला असेल तरच तो आयकरात खर्च म्हणून धरता येतो, तोही ठराविक मर्यादेपर्यंत. तोंडी ठरलेलं तिथं चालत नाही.

चव एकाच हातात

आमचा अख्खा मसूर चालतो तो कांदा-लसूण मसाल्यावर. उन्हाळ्यात आई वर्षाचा मसाला घालते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. सोबत धणे, खोबरं, तीळ, दगडफूल. प्रमाण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "हाताला कळतंय की." एका वर्षी तिचं मनगट मोडलं आणि मसाला आम्ही घातला. पहिल्याच आठवड्यात रोजच्या जेवणातल्या एका हमालानं वाटी बाजूला सारली, "आज आज्जी घरात न्हाईत व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्या परातीखाली वजनकाटा ठेवला. ती टाकत गेली, मी लिहीत गेलो. तिच्या ओंजळीत फरक निघाला तो फार तर दहा-वीस ग्रॅमचा. त्या वजनानं आम्ही पुन्हा थोडा मसाला घातला, तरी किंचित कडू लागला. मग दुसऱ्यांदा तिच्या शेजारी बसून नुसतं बघितलं. आम्ही सगळे खडे मसाले एकत्र भाजत होतो. ती दगडफूल अगदी शेवटी, कढई चुलीवरून उतरवून, उरलेल्या तेलाच्या उष्णतेत परतायची. दगडफूल लगेच करपतं, आणि करपलं की कडवटपणा सगळ्या मसाल्यात उतरतो. तेव्हा नुसतं प्रमाण लिहून थांबू नका. क्रम, आच आणि 'आता उतरव' म्हणायचा क्षण, हेही वहीत यायला पाहिजे. घरची चव घरच्यांनाच तेवढी जमते, असं म्हणून हे काम पुढं ढकलू नका.

हॉटेल कुणासाठी, याचा विसर

हळदीच्या सौद्यांना आलेला शेतकरी आणि पेठेतला हमाल, यांना पोटभर जेवण मिळावं म्हणून आण्णांनी हे सुरू केलं. चुलतभावानं मधे आठ पानांचं मेनूकार्ड छापलं. पनीर, नूडल्स, सगळं. फ्रीज भरला, भाकरीला उशीर व्हायला लागला, हमाल शेजारी जाऊन बसले. वर्षभरात कार्ड पुन्हा एका पानावर आलं. एवढं पुरे, भाऊ हे वाचणार आहे.

परवाना आण्णांच्या नावावर आहे, 'घरचंच' म्हणून तसाच राहू देऊ नका. अन्न परवानाधारकाचं निधन झालं तर वारसांना त्या परवान्यावर ९० दिवसच चालवता येतं, त्या मुदतीत नाव बदलायचा अर्ज करावा लागतो. आणि जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत, असाल तर बिलात गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही. 'सगळेच घेतात' हे उत्तर नाही.

पाटी बाहेर, हिशेब आत

शेवटची चूक माझी एकट्याची. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या दुकानात ते गल्ल्याच्या टेबलावरून वाहिलं. आम्ही उंचावरच्या एका मंगल कार्यालयात चूल मांडली आणि रोज खिचडी करून वाटली. लोकांनी फोटो काढले, कौतुक केलं. महिना संपल्यावर मी पगार केले आणि हॉटेल बंद होतं म्हणून सगळ्यांचे १२ दिवस कापले. भांडी घासणाऱ्या मावशी त्याच खिचडीची पातेली रोज घासत होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तरी त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

आता नियम लिहून ठेवलाय. पुरानं हॉटेल बंद राहिलं तर पहिले १५ दिवस सगळ्यांना पूर्ण पगार. त्यासाठी रोजच्या गल्ल्यातून १०० रुपये वेगळ्या डब्यात पडतात, आणि त्या डब्याला घरच्यांनी हात लावायचा नाही. ही शहाणपणाची गोष्ट मला आधीच सुचली असं मात्र नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, आठ दिवस शटर खाली होतं. तेव्हा मी पहिल्यांदाच पगार न कापता पाकिटं वाटली. मावशींनी आपले पैसे दोनदा मोजले, पदराला बांधले आणि विचारलं, "आणि मागल्या पुराचं, मालक?"

मी गल्ला उघडला. वहीत उचल लिहिली, सही केली.