परदेशी स्थायिक होण्याआधी सातबारा पाहा

परदेशात कायमचे स्थायिक व्हायचे की नाही हे ठरवताना पगाराच्या आकड्याआधी घरचा सातबारा समोर ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. पुढे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देते ते कार्ड) मिळाले तर येणेजाणे सुकर होते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र ती मिळू शकते. उताऱ्यावर अजून दिवंगत आजोबांचेच नाव असेल, तर आईवडील हिंडतेफिरते असतानाच तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज द्यावा, कारण टोरांटोहून फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील नावबदलाचा, पाठपुरावा करणे फार जिकिरीचे असते. भावाबहिणींशी समोरासमोर बोलणे तर त्याहून आधी उरकावे.