आढीतले आंबे आणि भागीदारीचा करार

देवगडचं कोणी मुंबईत स्वतःचा आंबा विकायचं ठरवतं, तेव्हा हल्ली मला फोन येतो. बहुतेकांनी भागीदार म्हणून मित्राला किंवा मैत्रिणीला घेतलेलं असतं. काहींच्या आवाजावरून कळतं की गोष्ट मैत्रीच्या थोडी पुढे गेली आहे. आमचंही असंच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही दोघं देवगडचे, एकाच शाळेतले, पण स्वभाव दोन टोकांचे. तो समोरच्याला नाही म्हणू शकत नाही. मी पाच रुपयांची सुतळीही वहीत लिहिते. बाग माझ्या काकांची, टेम्पो त्याचा. तोवर काकांचा माल वाशीला दलालाकडे जायचा आणि हातात पट्टी, म्हणजे दलालाची विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, यायची तेव्हा हमाली, भाडं, अडत म्हणजे दलाली वजा होऊन काय उरायचं ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. तोच आंबा दादर, पार्ल्यातल्या सोसायट्यांमध्ये थेट द्यायचा, एवढीच आमची कल्पना.

लालबागला त्याच्या आत्याची दहा बाय बाराची खोली होती. पहिल्या वर्षी तिथेच खाटेखाली भाताचा पेंढा पसरून आढी लावली. हापूस पिकायला आठ-दहा दिवस लागतात आणि मधे आढी परतावी लागते. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी हे दिवस आधी धरावेत. अक्षय्य तृतीयेला पिकलेला आंबा हवा असेल तर माल किमान दहा दिवस आधी मुंबईत पोचायला हवा. घाई झाली म्हणून कार्बाइडच्या वाटेला जाऊ नका, त्यावर बंदी आहे आणि आंब्याची चवही जाते.

खरी अडचण आली ती त्याच्या शब्दामुळे. बागेत ऐंशी पेट्यांचा माल आणि हा एकशेवीस पेट्यांचा शब्द देऊन मोकळा. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने सुचवलं, कर्नाटकातला आंबा मिसळा, कोणाला कळतंय. मी ताडकन नाही म्हणाले. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय दुसऱ्याच मालावर आपलं नाव चिकटवायला?

तो रात्रभर गप्प होता. पहाटे म्हणाला, "अगो, गिऱ्हाइकांक आता काय सांगू?"

"संपले म्हणान सांग."

त्याने चाळीस फोन केले, सगळे माझ्यासमोर. कोणी आवाज चढवला, कोणी आगाऊ दिलेले पैसे परत मागितले. त्याने एकदाही माझं किंवा काकांचं नाव पुढे केलं नाही. पेंढ्याच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं, या माणसासोबत आयुष्य काढता येईल.

मी त्याला ते लगेच सांगितलं नाही. आधी करार केला, आणि तुम्हालाही हाच क्रम सांगेन. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर नफा समान वाटला जातो आणि जास्त राबणाऱ्याला वेगळा पगार मागता येत नाही. पैसे माझे जास्त होते आणि गाडी चालवणं, पेट्या चार मजले चढवणं त्याचं. त्यामुळे कोणाचं भांडवल किती, टेम्पोचं भाडं धंद्यातून घ्यायचं की नाही, दर महिन्याला घरखर्चाला कोणी किती उचलायचं, हे सगळं आम्ही मुद्रांक कागदावर लिहून काढलं. बाहेर पडायचं झालं तर हिशोब कसा करायचा, हे कलम लिहिताना दोघांनाही जड गेलं. तरी लिहा. एकाने धंद्यासाठी केलेल्या देण्याला दुसराही पूर्ण जबाबदार असतो, म्हणून ठरावीक रकमेच्या वरची उधारी दोघांच्या सहीशिवाय करायची नाही हेही घातलं. संस्थेची नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर थकलेल्या पैशासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. पुढे एका हॉटेलवाल्याने आमचे पैसे अडकवले तेव्हा आमची नोंदणी झालेली होती, याचा मोठा आधार वाटला.

त्याच्याकडूनही मी शिकले. साका, म्हणजे आंब्याच्या गरातला खराब भाग, बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. तक्रार आली की मी फोटो मागायचे, तारीख तपासायचे. तो म्हणाला, सरळ आंबा बदलून द्यायचा, प्रश्न विचारायचे नाहीत. तो खर्च मी भीतभीत वहीत लिहिला. दुसऱ्या हंगामात त्याच घरांनी शेजाऱ्यांचे नंबर पाठवले, तेव्हापासून 'बदली' नावाचा वेगळा रकाना आहे.

लग्नाचं त्याने विचारलं ते मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आत रिकाम्या पेट्या बांधताना. मी हो म्हटलं. आता हंगामात दर रविवारी रात्री आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वही घेऊन बसतो. तो आकडे मोठ्याने वाचतो, मी बेरीज करते, आणि हिशोब जुळल्याशिवाय कोणी घरी जायला उठत नाही.