नवरा मोंटाजवर, तुम्ही श्टुटगार्टात

शेजारच्या बाईंनी ‘मिस्टर दिसत नाहीत हल्ली?’ असं विचारलं, तर ‘आउफ मोंटाज’ एवढं सांगा. दुसऱ्याच्या कारखान्यात मशीन बसवायला, चालू करून द्यायला गेलेल्या माणसासाठी हा इथला शब्द आहे. तो ऐकला की जर्मन माणूस समजून मान हलवतो आणि पुढचं विचारत नाही. आपल्याकडचे निम्मे प्रश्न तिथेच वाचतात.

पुणे-चाकणकडून या भागात आलेल्या इंजिनिअरांमध्ये कमिशनिंगवाले, म्हणजे नवं मशीन जागेवर चालू करून देणारे, बरेच. घरात पडदे लागत नाहीत तोच त्यांचं तीन आठवडे स्लोव्हाकिया, सहा आठवडे मेक्सिको सुरू होतं. मागे राहते ती बायको. (आता दोन घरांत उलटंही पाहिलंय, ती साइटवर आणि तो घरी. दादांनो, खालचं सगळं तुम्हालाही लागू.) मी अकरा वर्षांपूर्वी साताऱ्याहून आले तेव्हा आमच्या ह्यांचा पहिला दौरा माझ्या पाचव्या आठवड्यात लागला. दर वर्षी कुणीतरी नवी मुलगी मला रडवेल्या आवाजात फोन करते आणि मी तेच तेच सांगते. म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी एक हिशेब समजून घ्या, कारण मला तो कळायला दोन हिवाळे गेले. दिवस जड जातो असं आपण म्हणतो, पण दिवस जड जात नाही. सकाळी भाजी, धुणं, आईचा फोन, सामान, पत्रांचा ढीग, यात चार वाजतात. जड जाते ती संध्याकाळी सात ते रात्री अकरा ही वेळ. हिवाळ्यात भारत आपल्यापुढे साडेचार तास असतो. म्हणजे इथे सात वाजले की तिकडे साडेअकरा, आई-बाबा झोपलेले. नवरा मेक्सिकोत असेल तर तो हिवाळ्यात सात तास मागे, म्हणजे त्याची भर दुपार. तो हेल्मेट घालून शॉपफ्लोरवर, फोन लॉकरमध्ये. बाहेर साडेचारपासून अंधार. या चार तासांत तुम्हाला ओळखणारं कुणीही जागं आणि मोकळं नसतं. मी तेव्हा काय करायचे, तर फोन समोर ठेवून, त्याचं ‘लास्ट सीन’ बघत वरणभात खायचे.

तेव्हा आठवड्यातल्या किमान दोन संध्याकाळी याच वेळेत घराबाहेर, हाडामांसाच्या माणसांत काढायच्या. बाकी सल्ले ऐका नाहीतर सोडून द्या.

त्यासाठी सगळ्यात सोपं ठिकाण फोक्सहोखशूल, म्हणजे लोकांसाठीची शाळा. श्टुटगार्टची रोटेब्यूलप्लाट्सला आहे, एसबानमधून, म्हणजे लोकलमधून, उतरलं की समोर. जर्मन भाषा तर आहेच, पण शिवणकाम, मातीकाम, चित्रकला, नाच, काय वाटेल ते. वर्ग संध्याकाळचे असतात, कारण लोक नोकरी करून येतात. पुण्यातल्या क्लासची बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पायरी, घरी बसून ऑनलाइन करणाऱ्या मुली मी पाहते, तेव्हा मला राहवत नाही. सर्टिफिकेट मिळतं गं, पण वर्गानंतर ट्रामस्टॉपपर्यंत सोबत चालणारी सिरियन बाई मिळत नाही. मला ती तिथेच मिळाली. आम्हा दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नाही.

दुसरं म्हणजे गल्लीतला फेराइन. इथे प्रत्येक उपनगरात व्यायामाचं, गाण्याचं, चालण्याचं मंडळ असतं आणि वर्गणी खाजगी जिमच्या मानाने किरकोळ असते. मी आमच्या फाइहिंगेनमध्ये दर गुरुवारी रात्री आठला बायकांच्या जिम्नास्टिकला जाते. सरासरी वय पासष्ट. पहिल्या दिवशी एकीला माझ्यापेक्षा जास्त वाकताना पाहून मी गुपचूप मागच्या रांगेत गेले. या बायका श्वाबी, म्हणजे इथली बोली, बोलतात, क्लासमधलं जर्मन तिथे चालत नाही. प्रत्येक गोष्टीला शेवटी ‘ले’ लावून ती छोटीशी करतात. हॉयस्ले म्हणजे छोटंसं घर, बिसले म्हणजे थोडंसं. आणि कौतुक? त्यांची म्हणच आहे की शिव्या घातल्या नाहीत, म्हणजे पुरेसं कौतुक झालं. आमच्या सदाशिव पेठेतल्या मावशीला इथे आणून सोडलं तर तिला आठवड्यात घरच्यासारखं वाटेल.

आता माझी महागात पडलेली चूक. ही वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

श्टुटगार्टात केरवोख नावाचा प्रकार आहे. नावातच केर आहे, विसरणार नाही. आठवड्याची पाळी असते. तुमच्या दाराला पाटी अडकवली की त्या आठवड्यात जिना तुम्ही झाडायचा आणि पुसायचा. मोठी पाळी आली तर फाटक, तळघर, फूटपाथ, आणि बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत बर्फसुद्धा. शहराचा तसा नियम 1988 मध्ये गेला म्हणतात, पण भाडेकरारात आणि शेजाऱ्यांच्या नजरेत ती ठणठणीत आहे. जिना स्वच्छ दिसतोय म्हणून सोडून देऊ नका. स्वच्छ असला तरी झाडायचा. शक्यतो शनिवारी, लोकांना दिसेल असा.

तर शनिवार, सकाळचे दहा, नोव्हेंबर. मी गाऊनवर स्वेटर, पायात घरातल्या सपाता, हातात झाडू, अशी जिन्यात. मागे खिडकी उघडी राहिली होती, वाऱ्याने दार धाडकन लागलं. इथल्या दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता घट्ट गोळा असतो. लागलं की लागलं. किल्ली आत, फोन आत, पाकीट आत, गॅसवर डाळ. नंबर पाठ होता तो फक्त सासूबाईंच्या लँडलाइनचा आणि ह्यांचा, आणि ह्यांच्याकडे पहाटेचे तीन.

खालच्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवली. तोपर्यंत त्यांच्याशी ‘ग्र्यूस गॉट’, म्हणजे इथल्या नमस्कारापलीकडे बोलले नव्हते. त्यांनी फोन दिला, मी इंटरनेटवर सगळ्यात वर दिसलेल्या किल्लीवाल्याला बोलावलं. तो तासाभराने आला. दार नुसतं ओढलं गेलेलं होतं, कुलूप फिरवलेलं नव्हतं. असं दार जाणकार माणूस काहीही न फोडता काही मिनिटांत उघडतो, हे मला नंतर कळलं. त्याने सरळ ड्रिल काढलं, कुलपाचा सिलिंडर (किल्ली घालतो तो भाग) फोडला, नवा बसवला आणि 520 युरोंचं बिल हातात दिलं. वीकेंडचा जादा आकार, येण्या-जाण्याचा आकार, सिलिंडर, टॅक्स. वर ‘आत्ताच कार्डाने द्या’. मी थरथरत दिले. डाळ कोळसा झाली होती, ते वेगळंच.

म्हणून ऐका. आजच्या आज जादा किल्ली करून अशा माणसाकडे ठेवा, ज्याच्या घरी सपातांवर चालत जाता येईल. ब्योब्लिंगेनच्या मराठी मैत्रिणीकडे ठेवून उपयोग नाही. तुम्ही तिच्याकडे जाणार कशा, तिकीट आत. दुसरं, आपल्याच भागातल्या किल्लीवाल्याचा नंबर आजच शोधून शेजाऱ्यांकडेही लिहून ठेवा. जाहिरातीत पहिला दिसतो तो जवळचा असतोच असं नाही. तिसरं, फोनवर आधी हे वाक्य म्हणायचं: ‘डी ट्यूर इस्ट नूर त्सूगेत्सोगन’, दार फक्त ओढलं गेलंय. मग ‘फेस्टप्राइस’ विचारायचा, म्हणजे येण्या-जाण्यासकट ठरलेला एकच आकडा. आकडा सांगत नसेल तर फोन ठेवायचा. कुणी दारात उभं राहून दमदाटी करायला लागलं तर 110 वर पोलिसांना फोन करायचा, त्यात लाज कसली. चौथं, कचरा टाकायला जाताना, पत्रपेटी बघायला जाताना, झाडायला जाताना किल्ली गळ्यात. शाळेतून एकट्या घरी येणाऱ्या मुलांना इथे ‘श्ल्युसलकिंड’ म्हणतात, किल्लीवालं मूल. मी चाळिशीत झाले.

त्या 520 युरोंत एक गोष्ट मात्र आली. आजींनी त्या दिवशी मला कॉफी दिली, केक दिला, माझ्या सपातांकडे बघून लोकरीचे मोजे दिले. माझी किल्ली आता त्यांच्याकडे, त्यांची माझ्याकडे. गुरुवारच्या जिम्नास्टिकला मला ओढून नेलं ते त्यांनीच.

बाकीचं थोडक्यात. तो जायच्या आधी तुमच्या नावाचा फॅमिली डॉक्टर नोंदवलेला असू द्या. रात्री-अपरात्री ताप चढला तर 116117, जिवावरचं असेल तर 112. बँकेचं कार्ड तुमच्या नावाचं हवं. पत्रपेटी रोज उघडा. पिवळं पाकीट, म्हणजे सरकारी किंवा कोर्टाची नोटीस, आलं तर ते पेटीत पडलं त्या दिवसापासून मुदत मोजतात, तुम्ही उघडलं का नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. रेसिडेन्स कार्डावर नोकरीची परवानगी लिहिलेली आहे का ते स्वतः वाचा. कित्येक जणी वर्षभर ‘डिपेंडंट आहे, काम करता येत नाही’ असं अमेरिकेतल्या बहिणीचं ऐकून बसलेल्या असतात, आणि कार्डावर परवानगी छापलेली असते.

मराठी मंडळाबद्दल विचारतात. गणपतीला, दिवाळीला जरूर जा, पुरणपोळी खा, मोठ्याने बोला. पण मागे राहिलेल्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सोडला. चार विरहिणी एकत्र आल्या की कुणाचा नवरा किती दिवसांनी येणार याची बेरीज होते आणि घरी येताना आपण गेलो त्यापेक्षा उदास असतो. यावर माझ्याशी भांडलेल्या दोघी आहेत.

रविवारी दुकानं बंद, हे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळतं. मग रविवारचं काय? पाय. हे शहर वाटीसारखं आहे, कडेला द्राक्षमळे, आणि मळ्यांत जायला बांधलेले चारशेच्या वर दगडी जिने आजही गल्ल्यांमधून वर चढतात. त्यांना श्टेफेले म्हणतात. एक धरायचा आणि जिथे नेईल तिथे जायचं. दम लागला तर मारिनप्लाट्सहून डेगरलोखला चढणारी दातेरी रेल्वे आहे, 1884 पासूनची, लोक तिला लाडाने ‘त्साके’ म्हणतात. डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असेल तर वेगळा पैसा नाही. मार्चअखेरीला विल्हेल्मा बागेत मॅग्नोलिया फुलतो. रोटेनबर्गच्या टेकडीवर राजा विल्हेल्मने आपल्या अकाली गेलेल्या रशियन राणीसाठी बांधलेली समाधी आहे, दारावर ‘प्रेम कधी संपत नाही’ असं कोरलेलं. दौऱ्याच्या पहिल्या आठवड्यात तिथे जाऊ नका, मी जाऊन रडून आलेय. तिसऱ्या आठवड्यात जा, खालचे मळे बघा, खूप सुंदर आहेत.

आठवड्याच्या मधल्या दिवशी माइलेंडर प्लाट्सचं ग्रंथालय. 2011 मधलं, आतून पांढरंशुभ्र, मजल्यावर मजले. पुस्तकांसारखी तिथून चित्रंही घरी नेता येतात, खरीखुरी, फ्रेमसकट. दर दौऱ्याला मी एक नवं चित्र आणून डायनिंग टेबलासमोर लावते. ‘लास्ट सीन’ बघण्यापेक्षा बरं.

आणि एकटीसाठी स्वयंपाक करा. ब्रेड-जॅमवर तीन आठवडे काढू नका. मंगळवार, गुरुवार, शनिवार मार्क्टप्लाट्सला बाजार भरतो. शरदात टोकदार कोबी येतो, जवळच्या फिल्डर पठारावरचा, पातळ पानांचा. त्याची हरभऱ्याची डाळ घालून केलेली भाजी आपल्या कोबीपेक्षा गोड लागते. चक्क्याला 40 टक्क्यांचा क्वार्क (चक्क्यासारखंच इथलं मऊ चीज) घ्यायचा, पण रात्रभर फडक्यात टांगायचाच, नाहीतर श्रीखंडाला पाणी सुटतं. एप्रिलमध्ये रानात बेअरलाउख उगवतो, लसणाच्या वासाची पानं. शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून त्याचा ठेचा करते मी, आजींना इतका आवडला की त्या नाक पुसत खातात. पहिल्यांदा मात्र माहितगाराबरोबरच तोडायला जा. अगदी तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका झाडाची पानं विषारी असतात.

शेवटी, तो परत येतो त्या आठवड्याबद्दल. नव्या मुली त्या आठवड्यात स्वतःचं सगळं रद्द करतात. करू नका. विमानातून उतरलेला माणूस दोन दिवस झोपतो आणि तुम्ही त्याच्या घोरण्याकडे बघत बसता. त्या नोव्हेंबरातल्या दौऱ्यावरून हे परत आले तो नेमका गुरुवार होता. मी आमटी करून ठेवली, ‘तुमच्याकडे किल्ली आहेच’ असा मेसेज टाकला आणि आजींबरोबर जिम्नास्टिकला गेले. साडेनऊला हसत-खिदळत परत आलो तर हे जिन्यात बॅगेवर बसलेले. कुलपाचा सिलिंडर बदलल्याचं त्यांना सांगायचं मी साफ विसरले होते. जुनी किल्ली हातात, आणि डोक्यामागे आमच्या दाराला केरवोखची पाटी लटकत होती.