लिमाला चैनीत जायचंय? मग ही तयारी

यादीत सगळ्यात वर लस लिहा, तिकीट नंतर. लिमा ही पेरू देशाची राजधानी, आणि पेरू पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो. लिमा शहरात तो ताप नाही आणि तिथे उतरताना आमच्याकडे कार्ड कुणी मागितलंही नाही. ते मागतात परतताना, मुंबईच्या विमानतळावर, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा दोन महिने हाताशी ठेवा. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठी ओलांडलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

मग व्हिसा. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा पासपोर्टवर असेल, तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. तरी नियम बदलतात. दूतावासाकडून खात्री करूनच पैसे भरा. थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. प्रवास सगळा मिळून एक दिवस खातो आणि घड्याळ साडेदहा तास मागे जातं, म्हणून पहिला दिवस कोराच ठेवा. बिझनेस क्लासने गेलात तरी ठेवा.

आता माझा मुख्य हट्ट. बहुतेक सहलीवाले लिमाला एक रात्र देतात आणि सकाळी माणसांना माचू पिचूच्या इंका अवशेषांकडे पिटाळतात. चार रात्री मागून घ्या. स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिझारोने १८ जानेवारी १५३५ रोजी वसवलेलं, 'राजांचं शहर' म्हणून नावारूपाला आलेलं हे गाव एका संध्याकाळीत उरकायचं नाही.

तारखा ठरवताना आपला उन्हाळा-हिवाळा विसरा. शहर विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे ऊन डिसेंबर ते मार्च-एप्रिल. जून ते ऑक्टोबर आकाश राखाडी झाकणासारखं डोक्यावर बसतं. तिथले लोक त्याला 'गाढवाचं पोट' म्हणतात आणि एकदा पाहिलं की दुसरी उपमा सुचत नाही. थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे समुद्रावर धुकं धरतं, पण पाऊस पडत नाही. 'गारुआ' नावाची भुरभुर तेवढी असते; चष्म्याच्या काचेवर कळते, रस्त्यावर नाही. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो आणि समुद्र दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे मोजले. पडदा उघडला की पांढरं, बंद केला की पांढरं. तेव्हा हिवाळ्यात जाणार असाल तर समुद्राची खोली घेऊ नका. ते पैसे जेवणाला लावा. २८-२९ जुलै हे त्यांचे राष्ट्रीय सण, हॉटेलं भरलेली. ऑक्टोबरात 'सेन्योर दे लोस मिलाग्रोस', म्हणजे चमत्कारांच्या प्रभूच्या, ख्रिस्ताच्या मिरवणुकीने जुनं शहर जांभळ्या कपड्यांनी भरून जातं. बघायला अपूर्व, गाडीने जायला अशक्य.

राहायला शहराचे तीन भाग, तीन तऱ्हा. मिराफ्लोरेसमध्ये कड्यावरची उंच हॉटेलं, सॅन इसिद्रोमध्ये १९२७ चं कंट्री क्लब हॉटेल, आणि बारांकोत जुन्या हवेलीतलं हॉटेल बी. मी पुन्हा गेले तर बारांको, कारण तिथे पायी फिरता येतं. कुठेही उतरा, पण काउंटरवर पासपोर्ट आणि देशात शिरल्याची नोंद दाखवायला विसरू नका. साठ दिवसांच्या आतल्या परदेशी पाहुण्यांना खोलीच्या भाड्यावरचा १८ टक्के कर माफ असतो, आणि पंचतारांकित बिलावर ही रक्कम थोडी नसते. विमानतळ शेजारच्या कायाओला आहे. गाडी हॉटेललाच पाठवायला सांगा. रस्त्यावरच्या टॅक्सीला मीटर नसतो आणि दिवसभराच्या प्रवासानंतर घासाघीस करायचं त्राण नसतं.

जेवणाची टेबलं मात्र तिकिटाच्या बरोबरीने पकडा. 'सेंत्राल' २०२३ मध्ये आणि 'मायदो' २०२५ मध्ये जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट ठरलं; दोन्ही एकाच शहरात, त्यामुळे रांग जगभराची. सेंत्रालचा मेन्यू समुद्रसपाटीखालून अँडीजच्या माथ्यापर्यंत उंचीनुसार चढत जातो. मायदोचं जेवण निक्केई, म्हणजे १८९९ पासून आलेल्या जपानी स्थलांतरितांच्या हातची पेरूची चव. मासे खाणाऱ्यांनी सेविचे दुपारीच खावं. सकाळची मासळी लिंबात कालवून दुपारी संपवायची, हा तिथला रिवाज. चांगल्या सेविचेरिया संध्याकाळी बंदच होतात.

शाकाहाऱ्यांनी बुकिंग करतानाच तसं लिहावं आणि एक वाक्य पाठ करावं: 'सोय वेहेतारिआना', पुरुषांनी 'वेहेतारिआनो'. हा 'सोय' म्हणजे 'मी आहे'. पण आपल्या अर्थाची सोय नुसत्या या वाक्याने होत नाही, कारण मांस नको म्हटलं की चिकन येतं. म्हणून पुढे जोडा: 'सिन पोयो, सिन पेस्कादो', कोंबडी नको, मासा नको. पिस्को सावर या तिथल्या कॉकटेलमध्ये अंड्याचा कच्चा पांढरा बलक असतो, तेही लक्षात असू द्या. भूक मारायची वेळ मात्र येत नाही, कारण हा बटाट्याचाच मुलूख. आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्रही लिमातच आहे. 'काउसा' अ‍ॅव्होकॅडो घालून मागा. पिवळा बटाटा, पिवळी मिरची, लिंबू. वड्याचं सारण थंड करून कुणी नटवून वाढलंय असं वाटतं. बटाटा आणि मिरची आपल्याकडे त्याच खंडातून पोर्तुगीजांबरोबर आल्या, तेव्हा ही ओळख उगाच नाही.

जुन्या शहरासाठी एक अख्खा दिवस आणि एक आगाऊ परवानगी. सरकारी राजवाड्याशेजारचं कासा दे आलियागा १५३५ पासून एकाच घराण्याकडे आहे; आत जायचं तर आधी ठरवावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मठाखाली सुमारे २५ हजार माणसांची हाडं आहेत, विहिरीसारख्या खड्ड्यात वर्तुळाकार रचलेली. छत बुटकं, जिने अरुंद. गुडघेदुखीवाल्यांनी वरचं ग्रंथालय पाहावं. रस्त्यांवरचे लाकडी बंद सज्जे सकाळी बघा आणि अंधाराआधी परता.

हुआका पुक्याना रात्री दिव्यांत पाहा. हा मिराफ्लोरेसच्या मधोमध उभा असलेला कच्च्या विटांचा, सुमारे दीड हजार वर्षांचा डोंगर. विटा फडताळातल्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या आहेत, मध्ये फट सोडून, म्हणजे भूकंपात त्या हलतात पण ढासळत नाहीत. १७४६ च्या भूकंपात स्पॅनिश लिमा कोसळलं, ही रचना मात्र शाबूत राहिली. आजही प्रत्येक इमारतीत हिरव्या पाटीवर पांढरा 'एस' दिसेल. धक्का बसला तर उभं राहायची ती जागा. खोलीत बॅग टाकण्याआधी ती पाटी शोधा.

लार्को संग्रहालयाला निवांत दुपार द्या. इंकांच्याही आधीच्या मोचे लोकांची मातीची मुखपात्रं, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याची भांडी, अशी की ओळखीचं कुणीतरी रागावून बघतंय असं वाटतं. बागेपलीकडच्या वेगळ्या दालनात शृंगारिक भांडी आहेत. सासूबाई बरोबर होत्या, आणि मी त्यांना बोगनवेलीखालच्या कॅफेत बसवायच्या तयारीत होते. त्या माझ्याआधी आत जाऊन आल्या.

बॅगेचं थोडक्यात. छत्री नको, विंडचीटर हवा. सोनं घरी. डॉलर कोरे करकरीत. माझी शंभराची नोट कोपऱ्यात तांदळाएवढी फाटलेली होती, तीन ठिकाणी परत आली. वीज २२० व्होल्ट, पण आपली जाड गोल पिन बसत नाही, ॲडॉप्टर घ्या. नळाचं पाणी पिऊ नका. संडासात पाण्याचा जेट नसतो, ज्यांना लागतो त्यांनी हातातला न्यावा. पुढे माचू पिचूच्या वाटेवरच्या कुस्कोला जाणार असाल तर ते ३,४०० मीटरवर. उंचीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना इथूनच विचारून ठेवा.

आणि एक चमचा. हंगाम असेल तर बाजारात 'चिरिमोया' मिळेल, आपल्या सीताफळाची थोरली चुलत बहीण. ती परत आणता येत नाही, हॉटेलच्या प्लेटमध्ये कापून आली तर मजा जाते. बारांकोच्या उसाशांच्या पुलाजवळ बाकावर बसून, बिया थुंकत खायची.